खिशातला मालकंस

पार्सल आलं शुक्रवारी, अंबडला, कंपनीच्या गेटवर.
वॉचमन पगारे म्हणाला, "साहेब, घड्याळ का?"
म्हटलं, "नाही. गाणं."
त्यानं खोकं कानाशी धरून हलवून पाहिलं.

काडेपेटीहून थोडा मोठा.
वजन एकशे अठरा ग्रॅम,
टूलरूमच्या काट्यावर तोललंय, खोटं नाही सांगत.
जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटर लावून जाडीही घेतली:
चौदा पॉइंट झिरो दोन.
बॉक्सवर लिहिलंय चौदा.
चालतं. टॉलरन्समध्ये आहे.

उजव्या कडेला दातेरी चकती,
बोटानं फिरवली की टिक् टिक् करते
आणि एकेका टिकेला आवाज केसभर वर सरकतो.
पहिल्या रात्री मी गाणं न लावता
नुसती चकतीच फिरवत बसलो होतो.

"मोबाइलमध्ये गाणी नव्हती का?" वासंतीनं विचारलं.
मी तिला चोवीस बिट समजावले,
तिनं ते कणीक मळता मळता ऐकले.
"मोबाइलमध्ये गाणं भाडेकरू असतं गं,
सारखं कुणीतरी दार वाजवतं:
ओटीपी येतो, बँक येते, तुझा भाऊ येतो.
इथे गाण्याशिवाय कुणी राहत नाही.
घर त्याच्याच नावावर आहे."
"आणि हप्ते कुणाच्या नावावर?"

सकाळी सहाला कृषिनगरच्या ट्रॅकवर
सगळं कॉलेज रोड गोल गोल चालत असतं.
मी शूज घालून जातो, बाकावर बसतो.
डॉक्टर बुरकुले तिसऱ्या फेरीला डोळे वटारतात.
त्यांना काय सांगू,
माझ्या कानात रात्रीचे अडीच वाजलेत,
डिसेंबर आहे, साल एक्क्याण्णव,
रविवार कारंज्याजवळच्या शाळेचा हॉल,
खाली सतरंजी, सतरंजीखालून वर येणारी फरशी,
आणि गायधनीबाईंचा मालकंस.

बाई सकाळी पोरांना प्रार्थना शिकवायच्या.
रात्री हे.
त्यांची रेकॉर्ड कधी निघाली नाही.
आहे ती माझी कॅसेट, मामेभावाच्या टेपवर घेतलेली,
खर्चून खर्चून जपलेली, परवा कॉम्प्युटरवर चढवलेली.

आणि आता ऐका!
तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी उभ्या आहेत.
डाव्या बाजूला कुणीतरी चिवड्याची पुडी सोडतंय,
चोरून, एकेक घडी.
डग्ग्यावर हनीफ मास्तरांची अंगठी टेकते, तीही कळते.
आणि जिला मी इतकी वर्षं
टेपची खरखर म्हणत आलो
त्या बाईंच्या बांगड्या आहेत हो,
हात वर गेला की किणकिणणाऱ्या.

मग ती जागा येते.
बाई मध्यमावर थांबून धैवताकडे निघालेल्या,
निषादाला शिवून वरच्या सा-वर यायच्या बेतात

खट्.

कॅसेट संपली होती.
थंडीनं आखडलेली माझी बोटं,
झाकण उघडेना, उलटी बाजू लागेना,
चाळीस सेकंदं तरी गेली असतील.
दुसरी बाजू सुरू होते ती अख्ख्या हॉलच्या 'वाहवा'नं.
कशाला दिली होती, ते टेपवर नाही.
मला आठवतही नाही. मी झाकणाशी झटत होतो.

या डबीत दहा हजार गाणी मावतात.
त्या चाळीस सेकंदांना जागाच जागा आहे.
पण ती काही येत नाहीत;
येतो तो खट्,
इतका स्वच्छ, इतका खणखणीत
की तेवढ्यासाठीही पैसे वसूल म्हणावेत.

काल वासंतीच्या कानात एक बाजू दिली.
भांडी तशीच ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली.
खट् झाल्यावर म्हणाली, "संपलं?"
"नाही, थांब. बाजू बदलतोय."
ती थांबली. 'वाहवा' ऐकून हसली.
मग ओल्या बोटानं स्वतःच चकतीशी खटपट करत,
"ते बांगड्यांचं परत लाव ना."

दिवाळीत नवं मॉडेल येतंय.
बॅटरी चार तास जास्त, वजन नव्वद ग्रॅम.
तिला अजून सांगितलेलं नाही.